गुंजनच्या गोळ्या, माझा अनुभव

३ जुलै, गुरुवार
बायकोची, गुंजनची, तक्रार. पाळणा लांबवायची गोळी सुरू केल्यापासून डोकं दुखतं, उगाच रडू येतं, तोंडावर पुरळ. म्हणाली, "सेलूच्या लेडीज डॉक्टरले दाखवू काय?" कशाला? हिंगणीत मेडिकलच्या काउंटरवर अकरा वर्षं उभा आहे. सर्टिफिकेट मालकाचं, म्हणजे मधुकररावांचं. ते भिंतीवर असतं. अनुभव माझा. गोळी बदलली. आजपासून रोज नोंद ठेवायची.

१९ जुलै
नोंद राहिली. पुरळ कमी, डोकं जास्त. परत गोळी बदलली. गुंजन म्हणाली, "तुमी मले गोळ्या देऊन राह्यले का साड्या दाखवून राह्यले?" विनोद करते, म्हणजे मूड सुधारला.

६ ऑगस्ट
डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढे वाकडातिकडा उजेड नाचतो म्हणते. मोबाइल कमी बघ, म्हणालो. तिने मोबाइल कपाटात ठेवला. उजेड तरी दिसतोच.

२० ऑगस्ट
दोन आठवडे एकही तक्रार नाही. गोळी लागू पडली. मधुकररावांना अभिमानाने सांगितलं. ते म्हणाले, "ज्ञानेश्वरभाऊ, बायको बोलून नाई राह्यली, अन् तुमी तिले बरी समजून राह्यले?" हेवा.

२७ ऑगस्ट
रविवारी महालक्ष्म्या. गुंजनची तारीख नेमकी तेव्हाच. आई म्हणाली, "सोळा भाज्या कोन शिजवन मंग? दे तिले एखांदी गोळी." या आठवड्यात पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या दुकानातून सगळ्यात जास्त जातात. अर्ध्या गावाच्या महालक्ष्म्या माझ्या भरवशावर बसतात. रोजची गोळी चालू होतीच, वर ही दिली. दोन्हींचं काम वेगळं.

१ सप्टेंबर, सोमवार
पूजा उत्तम. चाळीस माणसं जेवली. गुंजन पहाटेपासून चुलीपाशी. संध्याकाळी डावी पोटरी दुखते म्हणाली. उभं राहून दुखते, असं सांगून बाम दिला. म्हणाली, "उभी तं दोन्ही पायावर होती. मंग एकच काऊन दुखते?" पाहुणे निघाले होते, उत्तर द्यायचं राहिलं.

४ सप्टेंबर
पाय सुजला. हात लावला तर गरम. दवाखान्यात नेतोच. उद्या. आज दुकानात माल येणार आहे.

५ सप्टेंबर, दुपारी
सकाळी अंगणात बसली ती उठेना. श्वास पुरेना. शेजाऱ्यांच्या गाडीतून वर्ध्याला आणलं. पायात रक्ताची गुठळी झाली होती, ती फुप्फुसात गेली.
डॉक्टरबाईंनी विचारलं, कोणत्या गोळ्या घेत होती? गुंजनने तोंडावरचा मास्क बाजूला करून, थांबत थांबत सगळं सांगितलं. कोणती गोळी कधी बदलली, उजेड कधी दिसला, पाय कधी दुखला. सगळ्या तारखा. माझ्या वहीत नाहीत त्यासुद्धा. कोणी दिल्या विचारलं, तर म्हणाली, "गावच्या मेडिकलवाल्यानं." माझ्याकडे पाहिलं नाही.
डॉक्टरबाई मला म्हणाल्या, डोळ्यांपुढे असा उजेड दिसणाऱ्या बाईला ही गोळी देतच नाहीत. त्या माणसाची तक्रार करा.
करतो, म्हणालो.

७ सप्टेंबर
ठरवलं. मेडिकलवाला मीच, हे आज सांगायचं.
डॉक्टरबाई राउंडला आल्या, पण घाईत होत्या.

९ सप्टेंबर
धोका टळला म्हणतात. रक्त पातळ करायचं औषध पुष्कळ महिने. ती जुनी गोळी आता कधीच नाही.
सकाळी आत गेलो तेव्हा गुंजन नर्सला म्हणत होती, "सिस्टर, हे कशाची गोळी हाय ते मले सांगा. मंग घेतो." मी वाचतो ना, म्हणून हात पुढे केला. तिने पाकीट उशीखाली सरकवलं. "तुमी बाहीर बसजा."
बाहेर बाकावर बसलो आहे. शेजारच्या म्हातारीने गोळ्यांचं पाकीट पुढे केलं. "भाऊ, हे कायची गोळी हाय?"
नाव वाचून दाखवलं. कशाची, ते मला माहीत नव्हतं.