ते तळं बिननावाचं नाही

नकाशा कचेरीच्या साहेबांना,

लढाईत गेलेल्या माझ्या भावाचं, सायलसचं नाव आमच्या गावामागच्या 'बिननावाच्या' तळ्याला देताय. तुमचं पत्र मी इथे खाणीत सगळ्यांना दाखवलं. छाती फुगली.

पण साहेब, त्या तळ्याला नाव आहे. आम्ही क्री आदिवासी त्याला 'थांबायचं तळं' म्हणतो. तळाशी झरे आहेत, बर्फ उशिरा घट्ट होतो, तोवर थांबायचं. आई फोनवर ओरडली, "नाव बदललं तर नवखी पोरं बर्फगाडी घालतील की रे! सायलसनंच दोघांना तिथल्या पाण्यातून ओढून काढलं होतं, विसरलास?"

सायलसला दुसरं तळं द्या. आपल्या सस्कॅचवान प्रांतात लाखभर आहेत.

हे पत्र टाकणार नाही, फायलीत बुडेल. सुट्टी काढलीय, मीच येऊन वाचून दाखवीन. शिकलोय सातवीच, पण आमच्या तळ्यांची नावं मला सगळी पाठ आहेत.

सायलसचा धाकटा भाऊ,
जोनस