दोन मनगटांवरची दोन घड्याळं

अमरावती,
११ जानेवारी २०२५

प्रिय सरूताई,

नमस्कार. फोन हाताशी असताना चिंतूने पत्र कशाला लिहिलं म्हणून तू आधी घाबरशील, मग मला शिव्या देशील. दोन्ही कर, पण शेवटपर्यंत वाच. फोनवर बोललं की पलीकडच्या खोलीत श्रावणीला सगळं ऐकू जातं.

इकडे थंडी बरी आहे. रागिणीचा गुडघा तिच्यासारखाच, कोणाचं ऐकत नाही. मी अजून कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो आणि पोरं अजून शिकत नाहीत. अकोल्यात तुझं बीपी कसं आहे?

तुझी भाची हल्ली हातात एक घड्याळ घालते. हृदयाचे ठोके, चाललेली पावलं, जाळलेल्या कॅलरी, सगळं सांगतं ते. वेळही सांगतं म्हणतात. त्यावर जेवढ्या कॅलरी जळलेल्या दिसतील, त्याहून कमीच ती खाते. दिवाळीत तू म्हणालीस ना, "पोरगी वाळून राहिली रे चिंतू"? आता पाहशील तर ओळखणार नाहीस.

मी पडलो मास्तर. वाटलं, यंत्र चुकतं हे प्रयोगाने दाखवलं की पोरगी जेवेल. दुसऱ्या कंपनीचं एक घड्याळ विकत आणलं, तिच्या दुसऱ्या मनगटावर बांधलं आणि आम्ही दोघं वडाळी तलावाकडे फिरून आलो. घरी येऊन पाहतो तर एक म्हणतं तीनशे दहा कॅलरी, दुसरं म्हणतं एकशे नव्वद. एकच पोरगी, एकच रस्ता! मला कोण आनंद झाला. म्हटलं, "बघ, दोन साक्षीदार आणि दोन जबान्या. यांच्या भरवशावर कोणी उपाशी राहतं का?"

ती शांतपणे म्हणाली, "मग आजपासून कमीवालं खरं धरते, बाबा. रिस्क नको."

जेवताना तिने ताटातली अर्धी पोळी परत डब्यात ठेवली. ती अर्धी पोळी माझ्या प्रयोगापायी गेली, ताई. रागिणी रागावली की बोलण्यात माहेरच्या चांदूर बाजारची होते, तुला माहीतच आहे. म्हणाली, "घरातई मास्तरकी काहून करून राहिले तुमी? पोरीकडे पहा ना जरा!"

आता जे लिहायचं टाळत होतो ते लिहितो. त्या दिवशी आणखी एक आकडा होता. फिरून आल्यावर ती बराच वेळ पडून होती, तेव्हा दोन्ही घड्याळांनी ठोके दाखवले मिनिटाला बेचाळीस. कॅलरींवरून भांडणारी यंत्रं इथे मात्र एकमताची. चुकली असतील म्हणून मी तिचं मनगट धरून स्वतः मोजले. बेचाळीसच. ती हसली. म्हणाली, "खेळाडूंचं असंच असतं, बाबा." जिना चढताना धाप लागते तिला, ताई. कसली खेळाडू?

तिला कसंबसं डॉक्टरबाईंकडे नेलं. मला बाजूला घेऊन त्या म्हणाल्या, पोटात अन्न नाही म्हणून हृदय मंदावलं आहे. लगेच भरती करा, उशीर केलात तर ते थांबूही शकतं. हे शेवटचं वाक्य मी रागिणीला सांगितलेलं नाही, तुलाच सांगतो आहे. मला फार भीती वाटते.

श्रावणी दवाखान्यात भरती व्हायला तयारच नव्हती. काल म्हणाली, "आत्या सोबत राहणार असेल तर येते." तिच्या लहानपणच्या सगळ्या सुट्ट्या तुझ्याकडेच गेल्या ना. दवाखान्यात खाट संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, बुधवारीच मिळते आहे, तेव्हा तिला नेणार आहोत. तू मंगळवारी संध्याकाळपर्यंत पोच.

पण एक अवघड मागणं आहे. तुझ्या पंगतीतून भूक ठेवून कोणी उठलेलं नाही, तुझा आग्रह अख्ख्या अकोल्याला ठाऊक आहे. डॉक्टरबाईंनी बजावलंय की तिला आग्रह करायचा नाही, तिच्या ताटाकडे टक लावून पाहायचं नाही, "किती बारीक झालीस" म्हणायचं नाही. जेवणाचं त्या पाहतील, आपण फक्त जवळ बसायचं. मला ते जमत नाही. तुझ्यासाठी तर ती शिक्षाच आहे, कळतं मला.

तरी ये. तिळाचे लाडू नकोत, डबा नको. जन्मात पहिल्यांदा भावाच्या घरी रिकाम्या हाताने ये, ताई.

वाटेकडे डोळे लावून बसलेला,
तुझा भ्यालेला
चिंतू