शेवटच्या ओळीतले नाव

आज गुरुवार, ११ फाल्गुन, बंगाली सन १४२८, सकाळचे साडेआठ. बायकोने भिजवलेले मुरमुरे समोर ठेवले होते, ते बाजूला सारून मी, शशधर मिस्त्री, वय एकोणतीस, शिक्षण आठवी, धंदा गाणी रचणे व गाणे, राहणार काशीडांगा, जिल्हा नदिया, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. माझी दोन्ही मूत्रपिंडे गेली आहेत. डोके शाबूत आहे. कोणाचा दाब नाही.

१. राहती खोली व परसू पत्नी फुलेश्वरी हिला. दक्षिणेकडचे छप्पर गळते, हे लपवत नाही.

२. दोतारा धाकटा भाऊ अधीर याला. कडुनिंबाच्या लाकडातून मीच कोरला आहे. "दादा, मला कुठं गाता येतं?" असे तो म्हणाला. तरी त्यालाच. विकलाच तर घासाघीस नीट करील.

३. देह जाळू नये. आमच्या बाउल गायकपंथाच्या रीतीने बसवून पुरावा. गुरूंच्या आखाड्यात, म्हणजे मठात, जागा मागू नये.

४. गाणी. आमच्यात रचणाऱ्याचे नाव गाण्याच्या शेवटच्या ओळीत येते. मी भक्तीने प्रत्येक गाण्यात गुरूंचे, केनाराम गोसाईंचे, नाव घातले. गुरू गेले. आखाडा त्यांचा पुतण्या हारान याच्याकडे गेला आणि गाणीही गेली. मी विचारायला गेलो, तर हारान चारचौघांत म्हणाला, "शेवटच्या ओळीत कोणाचं नाव आहे रे? वाच की. शाळा शिकलायस ना?"

पौषातल्या मेळ्यात मी तीच गाणी स्वतःचे नाव घालून गायलो. पुढे बसलेली एक म्हातारी ओरडली, "थांब रे मेल्या! गोसाईंचं गाणं चोरतोस? त्यांच्याच पानात जेवलास ना?" लोकांनी मला खाली उतरवले. तिच्यावर राग नाही. गोसाईंना विसरू नका, असे मीच तिला इतकी वर्षे गाऊन सांगितले.

गाणी रचताना फक्त फुलेश्वरी जवळ असे. मी ओळ म्हणायचो, ती चुलीजवळून म्हणायची, "हे काही खरं नाही. परत." म्हणून गाणी माझी असल्याचे येथे लिहून तिलाच साक्षीदार करणार होतो. कचेरीबाहेरचे लेखनिक म्हणाले, "जिला द्यायचं तिची साक्ष चालत नाही, बाबा. घर दे, नाहीतर सही घे."

घरी येऊन तिला सांगितले.

"मग सही घ्या. घर अधीर भाऊजींना द्या."

"आणि तू राहशील कुठे?"

"आखाड्यात."

"हारानच्या दारात?"

ती चूल फुंकत राहिली.

सबब कलम १ कायम. गाण्यांवर माझा हक्क सांगत नाही. ती केनाराम गोसाईंची म्हणून गावीत. शेवटची ओळ बदलू नये; ती फार जपून जुळवलेली आहे.

सर्व मजकूर मोठ्याने वाचून, समजून, खालील दोघांच्या देखत सही केली.

शशधर मिस्त्री

साक्षीदार:
अनाथबंधू घोषाल, टपालवाले
मोक्तार शेख, किराणा दुकानदार

काशीडांगा, ११ फाल्गुन १४२८.

फुलेश्वरी हजर होती. तिची सही घेतलेली नाही.