दहा दिवसांची परवानगी

व्हालादारेस,
२९ जून

प्रिय लेनी,

फोन असताना आई कागद कशाला घेऊन बसली, असं म्हणशील. पण फोनवर आपलं जे बोलणं होतं ते काही खरं नाही. तुझी नाया शेजारी कान लावून बसलेली असते, तू रडायला लागतेस आणि मी घेवडा करपतोय म्हणून फोन ठेवून देते. कितीदा तर त्या घेवड्याखाली गॅससुद्धा पेटलेला नसतो. म्हणून हे पत्र. सुएलीच्या हाती देतेय, नायाच्या नाही. सुएली म्हणजे सहलीबरोबर जाणारी बाई, सगळ्या मुली तिला मावशी म्हणतात. सहलीच्या सातव्या दिवशी तू हॉटेलात पोचलीस की ती आधी तुझ्याकडे येईल, नाया नंतर. बाजूला कुठेतरी बसून वाच. शेवटपर्यंत वाच, मधूनच उठू नकोस. तुझी ती सवय मला ठाऊक आहे.

निघायला अजून नऊ दिवस आहेत आणि मी बॅग चार वेळा भरून चार वेळा उपसलीय. गल्लीत जूनच्या नाचाची तयारी चाललीय, ठिगळांचे बारा घागरे मला आज द्यायचे होते. सकाळपासून एकच बाही दोनदा उलटी लावली. मशीनवर बसले की उठावंसं वाटतं, उठले की कशाला उठले ते आठवत नाही. क्रेउझा कुंपणावरून म्हणाली, "झुल्मीरा, सहलीला पोरगी चाललीय का तू?" मी म्हटलं, "पोरगीच चाललीय, पण पाय माझे सुजलेत." ती हसली. मला काही हसू आलं नाही.

सहलीचं वेळापत्रक मशीनसमोरच्या भिंतीला चिकटवलंय. दहा दिवस आणि पाव-पाव तासाचा हिशेब. सहाला उठायचं, सातला बसमध्ये, पार्क उघडायच्या आधी फाटकाशी हजर. कुठल्या पाळण्याला आधी पळायचं, कुठल्याला जेवणाच्या वेळी, म्हणजे रांग कमी. दुपारी तिथे रोज पाऊस येतो म्हणे, तेव्हा छपराखालचे खेळ. मिरवणूक कुठल्या कोपऱ्यावरून बघायची, तेही ठरलंय. सगळ्यांना हळदीच्या रंगाचे सदरे, पाठीवर नाव, गळ्यात कार्ड. चर्चच्या सभागृहात आम्हा घरच्यांच्या तीन बैठका झाल्या. मुलींनी नवे बूट आत्तापासून घालून फिरायचं, नाहीतर दुसऱ्या दिवशी फोड येतात, हे सुएलीनं तिन्ही वेळा सांगितलं. नाया घरातसुद्धा बूट घालून फिरतेय, माझ्या डोक्यावर घोडा चालल्यासारखं वाटतं.

आणि त्या सगळ्या गर्दीत सातव्या दिवसासमोर एक ओळ आहे. दुपारी तीन ते सहा, मोकळा वेळ, हॉटेलच्या दालनात नातेवाइकांची भेट. मी सुएलीला विचारलं, "हे सगळीकडेच असतं का?" ती म्हणाली, "नाही हो झुल्मीराबाई. दुसऱ्या गावांच्या मुलींना त्या वेळात पोहायला नेतो. ही ओळ फक्त तुमच्या गावासाठी घालावी लागते. बावीस मुलींपैकी नऊ जणींचं कुणी ना कुणी तिथे येणार आहे." बैठकीत कुणी कुणाकडे बघितलं नाही. एका बापानं उगाच विचारलं, तिथे मोबाइल चार्ज करायला कुठली पिन लागते.

नायाला पंधरावं लागणार म्हणून मी दोन वर्षांपूर्वीच फिकट हिरवं रेशमी कापड आणून ठेवलं होतं. पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरींच्या पंधराव्या वाढदिवसाच्या सोहळ्याचे झगे शिवले, घेर किती, शेपूट किती, वॉल्ट्झ नाचताना कुठे पाय अडकतो, सगळं मला पाठ. घरची एकुलती पोर, तिचा झगा कसा होईल तो मी मनात शिवूनसुद्धा ठेवला होता. माप घ्यायला बोलावलं तर ही टेप माझ्या हातातून काढून घेऊन म्हणाली, "आजी, मला झगा नको, नाच नको, केक नको. मला फ्लोरिडाच्या त्या पार्कला जायचंय." मी म्हटलं, "उलटं टांगणाऱ्या पाळण्यात बसायला? तुला तर बसमध्ये ओकारी होते." ती म्हणाली, "गोळी घेईन." ती पाळण्यासाठी निघालेली नाही, हे तेव्हाच कळलं मला. पण तिनं तुझं नाव काढलं नाही आणि मीही काढलं नाही. तेव्हापासून आम्ही दोघी पाळण्यांबद्दलच बोलतो. कुठला किती उंच, कुठला किती अंधाराचा. मला आता त्या पार्कची सगळी वळणं माहीत आहेत, या वयात.

तू पैसे पाठवलेस, व्हिसाही झाला. मग एप्रिलमध्ये तू बोलता बोलता म्हणालीस, मागची खोली रंगवली, पिवळी, आणि एक पलंग घेतला, पाहुण्यांसाठी. लेनी, तू दिवसाला तीन घरं झाडतेस-पुसतेस आणि रविवारी झोपतेस. तुझ्याकडे पाहुणा कोण येतो? मी विचारलं नाही. "पिवळा चांगला रंग," म्हटलं आणि घेवडा बघायला गेले. पण त्या दिवसापासून माझा जीव टांगणीला लागलाय. पोर दहा दिवसांनी परत येईल की येणार नाही, एवढी एकच गोष्ट मी भाजी चिरताना, चर्चमध्ये गुडघे टेकताना, रस्ता ओलांडताना विचारत असते.

क्रेउझानं तर तेल ओतायचं काम केलं. "या गावातून तिकडे गेलेलं एक तरी पोर परत आलेलं दाखव मला." मी म्हटलं, "तुझा नवरा आला की, सहा महिन्यांत, टक्कल घेऊन." ती म्हणाली, "त्याला त्यांनी हाकललं होतं, गं. आलेला वेगळा, हाकललेला वेगळा."

आता नोटरीच्या कचेरीची गोष्ट सांगते. अल्पवयीन पोरीला देशाबाहेर पाठवायचं तर पालकाची लेखी परवानगी लागते. कोर्टानं नायाचा ताबा माझ्याकडे दिलेला, तिच्या बापाला वारून तर चौदा वर्षं होतील, म्हणजे सही माझीच. मी ठसठशीत सही केली. आदाल्बेर्तो, तो खिडकीतला जाड चष्म्याचा, त्यानं माझं सहीच्या नमुन्याचं जुनं कार्ड काढलं, सही ताडून बघितली आणि म्हणाला, "झुल्मीराबाई, ही सही तुमची नाही." मी म्हटलं, "मग कोणाची, बिशपची?" तो म्हणाला, "कार्डावर झुमीरा आहे. मधला ल नाहीच. आणि अक्षरं अशी, की कोंबडी चालून गेलीय."

मला आठवलं. तू नऊ वर्षांची होतीस. मला अक्षर येत नव्हतं, अंगठा लावायची मी, आणि तुला वर्गातल्या मुलींसमोर लाज वाटली म्हणून स्वयंपाकघरातल्या टेबलावर पीठ पसरून बोटानं मला नाव लिहायला शिकवलंस. ल तूच विसरलीस. मी तेच घटवलं आणि तेच कार्डावर करून आले. पुढे शिवणाच्या मासिकांवरून, चर्चमधल्या गाण्यांच्या वहीवरून एकेक अक्षर लावत मी वाचायला शिकले तेव्हा चूक कळली, आणि बाकी सगळीकडे नीट लिहू लागले. आदाल्बेर्तो म्हणाला, "नवं कार्ड करू, पाच मिनिटांचं काम." मी नको म्हटलं. बाकावर बसून पावतीच्या पाठीमागे जुनी सही गिरवत राहिले. शिकलेला हात पुन्हा अडाणी करणं फार कठीण असतं, बाई. चौथ्या वेळी जमलं. मागे रांग लागली होती, एक म्हातारा म्हणाला, "आजी परीक्षेला बसलीय वाटतं." आदाल्बेर्तोनं शिक्का मारला. "आता ही तुम्ही."

त्या कागदाच्या तळाशी छापील ओळ आहे. ही परवानगी प्रवासापुरती, हिच्यावर मुलीला परदेशात कायम राहता येणार नाही. तसं हवं असेल तर वेगळं स्पष्ट लिहावं. आदाल्बेर्तोनं मान वर न करता विचारलं, "आणखी काही लिहायचंय?" मी म्हटलं, "काही नाही." खोटं कशाला बोलू, ती ओळ वाचून मला बरं वाटलं. सरकारनं माझ्या बाजूनं खिळा ठोकून दिल्यासारखं वाटलं. घरी येताना मी पेरूच्या वड्या घेतल्या, तुला देण्यासाठी, आणि पुलावरच त्यातल्या दोन खाल्ल्या.

ते बरं वाटणं चार दिवस टिकलं. परवा बॅग चौथ्यांदा उपसत होते, तर नायाच्या कपाटात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा सापडला. उघडला, तर आत फ्लॅनेलच्या पट्ट्या आणि पट्ट्यांवर ओवलेल्या सुया. माझे डोळे आता नेढ्याला साथ देत नाहीत, दोन वर्षं झाली, सुई तीच ओवून देते शाळेतून आल्यावर. पांढरा, काळा, खाकी, आपल्या शाळेच्या गणवेशाचा निळा, प्रत्येक रंगाची वेगळी पट्टी, दोरा कापून, शेवटाला गाठ मारून. मी मोजत बसले नाही. पण दहा दिवसांना इतक्या सुया लागत नाहीत, लेनी. वर्षभरालासुद्धा लागणार नाहीत.

ती घरात आली, बूट खाड खाड वाजवत, तेव्हा डबा मी होता तिथे ठेवला होता. मी विचारलं, "परत आलीस की आधी काय खाणार?" ती म्हणाली, "तू करशील ते." मान वर केली नाही. मी म्हटलं, "आणि तिथे आईला भेटलीस की काय सांगणार?" कित्येक महिन्यांत पहिल्यांदा मी तुझं नाव काढलं. ती बूट सोडायला वाकली आणि बराच वेळ नाडीशी झगडत राहिली. मग म्हणाली, "तुझे डोळे तपासून घ्यायचेत, एवढं सांगणार." मग आत गेली. पोरीला राहायचंय की नाही ते मला अजूनही ठाऊक नाही. तिलाही ठाऊक नसेल. पण एवढं कळलं, की तिला राहावंसं वाटलंच तर ते ती माझ्यापायी बोलणार नाही, आणि मी त्या छापील ओळीच्या आड लपून बसले होते.

आणखी एक लिहिते, हात चालतोय तोवर. नाया आठ वर्षांची असताना तू म्हणाली होतीस, अमुक माणसाबरोबर तिला चोरवाटेनं सीमेपलीकडे पाठव. मी नाही म्हटलं, आणि तू वर्षभर माझ्याशी तुटक बोललीस. वाट वाईट आहे, असं मी सांगितलं. वाट वाईट होतीच, आजही मी नाहीच म्हणेन. पण त्या नकारात निम्मीच भीती वाटेची होती. उरलेली निम्मी माझ्या घराची होती. तू गेलीस तेव्हा दोन वर्षांत येते म्हणाली होतीस. कागद झाल्याशिवाय तुला तिथून हलता येत नाही आणि कागद होत नाहीत, यात तुझा काय दोष? पण तू गेल्यावर या घरात एक आवाज उरला होता, तो मला कुणाला द्यायचा नव्हता. हे मी कबुलीजबाबात फादरना सांगितलंय, तुला आजवर सांगितलं नव्हतं.

आता पत्राबरोबरचा दुसरा कागद उलगड. काल मी पुन्हा आदाल्बेर्तोकडे गेले आणि त्याला म्हटलं, लिहायचंय. नाया तिच्या आईजवळ राहू शकते, मुक्कामाला, शाळेला, माझी हरकत नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. शिक्का आहे. तिथलं सरकार काय म्हणेल ते तिथल्या वकिलाला विचार, ते माझ्या हातात नाही. माझ्या हातात होतं तेवढं मी सोडलंय. नायाला या कागदाचं माहीत नाही. तिला तू विचार. तीन तास आहेत, पहिला तास नुसती जवळ घेऊन बस, तिच्या नखांचे रंग बघ, पाळण्यांबद्दल सांगू दे, मग विचार. पिवळी खोली आधी दाखवू नकोस, फोटोतसुद्धा नको. माझं काय होईल असं तिनं म्हटलं, तर आजीनंच लिहून दिलंय म्हणून हा कागद तिच्या हातात दे. परत जायचं म्हणाली, तर फाडून टाक आणि हसत पाठव. ती काय म्हणाली ते मी तिला कधी विचारणार नाही, तुलाही नाही. अठरा तारखेला दुपारी दोनच्या सुमाराला बस चर्चच्या चौकात येते. तू मला आधी फोन करू नकोस, काहीही ठरलं तरी. मी चौकात असेन. सगळे हळदी सदरे उतरेपर्यंत थांबेन, आणि बस रिकामी झाली, तर ड्रायव्हरला विचारून एकदा आत चढून मागच्या बाकापर्यंत जाऊन येईन. तेवढं मला करू दे.

तुझीच,
आई