फ्लायव्हीलच्या बाजूचं सील

१२ मार्च, बुधवार
भंगारवाल्या सलीमभाईनं चार जुन्या चेनसॉ आणल्या. "अण्णा, देख लेव, दो तो पक्के मरेले हैं." सरळ माणूस. मेलेल्याला मेलेलंच म्हणतो.
सायलेन्सर काढून टॉर्च मारला. पिस्टनवर ओरखडेच ओरखडे, मांजरानं दार खरवडावं तसे. पेट्रोलमधे ऑइल न घालताच पळवलंय. एका सिलिंडरला संडास धुवायचं ॲसिड लावून वरवरची चकाकी आणलेली. शी.
तिसरी खोलली तर सांध्यातलं गॅस्केट लग्नपत्रिकेचं! कात्रीनं कापलेलं. 'अगत्य येण्याचे करावे' एवढं तेलात भिजूनही शाबूत. सौ.ला दाखवलं. म्हणाली, "लग्न टिकलं असंल, इंजिन नाय टिकलं."
हसलो, पण दिवसभर तोंड कडू. असली माणसं स्वतःला मिस्त्री म्हणवतात.

१५ मार्च, शनिवार
पत्रिकावाली बांधून झाली. नवा पिस्टन, रिंग, गॅस्केट कंपनीचं. स्टार्टरच्या झाकणाआड आपली खूण कोरली: ब, नि खाली महिना. इथून गेलेल्या प्रत्येक इंजिनावर असते.
संध्याकाळी गिऱ्हाईक आलं. नेहमीचा कार्यक्रम. चालू केली, डोळे मिटले, ऐकलं. चितेगावच्या नाक्यापर्यंत लोकांना ठाऊक आहे, अण्णा ऐकताना बोलायचं नाय. सलीमभाई तर आलेल्याला दटावतो, "चुप बैठो, सुन रहे." पास म्हटलं. गिऱ्हाईक खूश.
हवेची गळती शोधायचा प्रेशर टेस्टर मागवून वर्ष झालं. खोक्यातच आहे. सौ. म्हणते, विकून टाका. बघू.

१८ मार्च, मंगळवार
तुकाराम आला. डावा हात पांढऱ्या पट्टीत, उजव्यात चेनसॉ. शेंद्र्याला कंपनीच्या आवारात सुबाभळीवर चढला होता. हाताला अकरा टाके.
बाप मेंढ्यांमागं गेला, हा झाडांवर गेला. दोराला लोंबकळून फांदी उतरवावी तर ह्यानंच. आता ठेकेदारानं खाली उतरवलंय, फांद्या रचायला. म्हणतो, निष्काळजी माणूस वर नको. पोरं 'टाकेवाला' म्हणून चिडवतात.
मीही झापला. "चेन थांबायच्या आत हात घातलास! घाई झालती का?"
मान खाली. "माझंच चुकलं अण्णा. ट्रिगर सोडला नि हात पुढं नेला." मग जाता जाता म्हणाला, "लई तापल्यावर सोडली तरी जरा येळ वरडत राहायची ती. पण तुमी पास केलती. म्हून काय बोललो नाय."
हातातला चहा तसाच ठेवला.

१९ मार्च, बुधवार
तुकाराम ठेवून गेलेल्या चेनसॉचं झाकण काढलं. ब, दिवाळीचा महिना. माझीच.
थंड इंजिन चालू केलं. डोळे मिटले. स्वच्छ. आज ऐकलं असतं तरी पासच म्हणालो असतो.
मग बाभळीचा ओंडका घेतला, वीस मिनिटं कापत राहिलो. ट्रिगर सोडला. आवाज खाली येईना. चेन फिरतेच आहे. एक, दोन, तीन, चार, पाच… मग थांबली.
खोकं फोडलं. टेस्टर लावला, हवा भरली. काटा डोळ्यासमोर खाली. साबणाचं पाणी सोडलं तर फ्लायव्हीलच्या चाकामागून बुडबुडे. तिथलं रबरी सील कडक पडलेलं, ओठ फाटलेला. तापलं की हवा ओढतं, इंजिन बेफाम होतं.
दिवाळीला पिस्टन बदलला, सील जुनंच ठेवलं. का? आवाज स्वच्छ होता म्हणून.
पत्रिकावाल्याची किळस आली होती. त्यानं निदान डोळे मिटून साधूचं सोंग तरी नाही आणलं.
जेवलो नाही. सौ.नं दोनदा हाक मारली. "ऐकू येत नाय का?" ऐकू येत होतं.

२१ मार्च, शुक्रवार
सलीमभाईला सांगितलं. तो म्हणाला, "नया सील डालो और दे देव. कायकू बोलना? वो खुद बोल रहा, मेरी गलती."
हेच तर माझ्याही मनात आलं होतं. दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं तेव्हा घाण वाटलं.
सौ.ला सांगितलं. भाजी निवडत होती, वर बघितलंच नाही. "त्या बिचाऱ्याला खाली उतरवलंय ना? मग वर कोण चढवणार त्याला?"
दिवाळीपासून कानानं पास केलेल्या आणखी सात. फोन लावले. "तपासायला परत आणा, वापरू नका." सहा जण आणतो म्हणाले. सातवा हसला, "अण्णा, तुमचा कान म्हणजे गॅरंटी!" फोन ठेवावासा वाटला. म्हटलं, "तरी आण." का आणायची ते त्याला सांगितलं नाही. बाकीच्यांनाही नाही.

२३ मार्च, रविवार
तुकारामच्या मशीनला दोन्ही बाजूंची सील नवी. हवा भरून चहा प्यायलो, काटा जागचा हलला नाही. मग ओंडका, वीस मिनिटं. ट्रिगर सोडला की चेन गप. डोळे उघडे ठेवून बघितलं.
काल तुकारामचा फोन. ठेकेदार आज दुपारी येतोय सोबत, त्याला दोन मशीन घ्यायच्यात. "तुमी ऐकून देता ते बघायचंय त्याला. माझ्याबद्दल पण येक शब्द टाका अण्णा. तुमचं ऐकंल तो."
माझं ऐकेल. खरंच आहे. अजून दोन तास तरी.
काय बोलायचं ते सकाळपासून जुळवतोय. "मशीनमधे थोडा प्रॉब्लेम होता" असं दोनदा जुळवलं, दोनदा मोडलं. थोडा! होता!
जुनं सील स्टीलच्या वाटीत ठेवलंय. सौ. म्हणाली, "ती वाटी रायत्याची हाय." तरी उचलली नाही तिनं.
आता वळणावर मोटरसायकल. तुकारामचीच, टॅपेट वाजतंय. आवाज जड येतोय, दोघं बसलेत, चालवतोय ठेकेदारच असणार.
वाटी टेबलाच्या मधोमध. झाकण घातलेलं नाही.