कोंडलेल्या मेंढ्यांची समन्वय समिती

२ डिसेंबर, सकाळी सात
पुंजाजी धनगराच्या मेंढ्या भागवतच्या हरभऱ्यात शिरल्या. भागवतनं अकरा मेंढ्या गोठ्यात कोंडल्या. गावात तणाव. भागवतला फोन केला, प्रकरण आता माझ्याकडे. आफ्रिकेत शांतिसेनेत वर्षभर सुभेदार होतो. फौज आणि मदतसंस्था यांच्यातला लायझन मीच. इथं तर अकरा मेंढ्या! संकल्प : चार दिवसांत समन्वय समिती.
तिथल्या फाटकाबद्दल लिहायचं नाही.

४ डिसेंबर
पोलीस म्हणाले, आधी तलाठ्याचा पंचनामा. तलाठी म्हणाले, आधी पोलिसांचं पत्र. उत्तम. दोन्ही खाती संपर्कात आहेत.
दुपारी पुंजाजीची बायको सिंधूबाई दारात. म्हणे, सायब, घरी कोकरं दुधाबिगर वरडून राहिलेत, तुमी भागवतरावाला निस्ती हाक मारा ना. प्रोसिजर समजावली. समजली नाही. आफ्रिकेतल्या त्या बाईलाही समजली नव्हती. कॅम्पच्या फाटकापाशी अशीच उभी, कडेवर लेकरू. मदतसंस्था म्हणे फौजेचा हुकूम हवा, फौज म्हणे मदतसंस्थेची यादी हवी. गोळीबार जवळ येत होता.
विषयांतर नको.

५ डिसेंबर
कळमनुरीच्या बाजारातून चार रंगांचे पेन. नकाशा काढला : गोठा ते धनगरवस्ती, सेफ कॉरिडॉर. बायको म्हणते, अहो, गोठा इथून दिसून राहिला, नकाशा कोणाला दाखवता? सिव्हिलियन.
दुपारपासून कोकरांचा आवाज कमी. नोंद : परिस्थिती निवळतेय.
जेवण गेलं नाही. ॲसिडिटी. डोळे मिटले की फाटक. त्या लेकराच्या पायात एकच चप्पल होती.

६ डिसेंबर, सकाळी अकरा
बैठक. आठ खुर्च्या, एक मी. लग्नसराई असावी.

दुपारी साडेबारा
बायको सकाळीच भागवतकडे गेली होती म्हणे. चहा होईस्तोवर मिटलं. पुंजाजीचा कळप आठ रात्री भागवतच्या रिकाम्या वावरात बसणार, लेंडीखत भागवतचं, हरभरा फिटला. मेंढ्या सुटल्या.
वस्तीवरची तीन कोकरं दगावली.
भागवतला गाठलं, झापलं : एवढं सोपं होतं तर काहून थांबलास? तर म्हणतो, सुभेदार, मी पहिल्याच सांजेला सोडणार होतो. तुमीच फोनवर बोललात की, समिती बसेस्तोर एक बी मेंढी हलवायची न्हाई.
असं म्हणालो असेन. नियमच असतो तसा.
फाटकाचं वेगळं होतं. यादीबिगर फाटक उघडायचं नाही, हा तिथला हुकूम लेखी होता. सही माझी होती, एवढंच.