मागच्या बाजूचा फोटो

प्रिय मुनव्वर,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट न फोडताच चुलीत टाकशील अशी भीती वाटली, म्हणून पत्ता छापून चिकटवला आहे. एवढं केलंच आहे, तर शेवटपर्यंत वाच.

तोहिर गेले. नवरोजनंतर दहा दिवसांनी, जेवता जेवता. परवा चाळिसाव्या दिवसाचा पुलाव झाला. बोतिर आला होता. तुला घराबाहेर काढल्यापासून माझ्या भावाने तुझं नाव काढलं नव्हतं, पण निघताना दारात म्हणाला, "लोबारची दुसरी सोयरीकही मोडली, आपा. बायका येतात, चहा पितात आणि विचारतात, मुलीच्या आईला नवऱ्याने का हाकललं होतं? पुढच्या रविवारी आणखी एक घर येतंय म्हणे." एवढं बोलून जोडे घालून गेला. लेकीच्या बापाने असं उभ्या उभ्या सांगावं, याचा मला राग आला. मग वाटलं, मी कोणत्या तोंडाने रागावते आहे?

तुझ्या कानावर असेल, तोहिरनी इंटरनेटवर 'संदूक' नावाची साइट चालवली. लोक जुन्या वस्तूंचे फोटो पाठवायचे, भरतकाम केलेल्या सुझनी चादरी, तांब्याची तस्तं, चांदीची कर्णफुलं, आणि वस्तू कुठली, केव्हाची, खरी की बनावट हे तोहिर फुकट सांगायचे. ताश्कंदपासून खोजंदपर्यंतचे हौशी लोक त्यांचा शब्द प्रमाण मानतात. ते गेल्याचं मी तिथे कळवलं नाही. त्यांच्या वह्या समोर ठेवून, त्यांच्याच नावाने उत्तरं देत राहिले. का, ते नीट सांगता येत नाही. घरात कुणीतरी त्यांना अजून हाका मारत होतं, एवढंच. खोजंदचे एक म्हातारे, कोबिलजान, रोज टोमणे मारतात. "तोहिर-अका, हल्ली एका किटलीला दोन दोन दिवस लावता. तुमचीच तारीख लिहायची वेळ आली वाटतं!" मी शाळेत भूगोल शिकवलेली बाई. वही उघडून किटल्यांची पानं पुन्हा चाळते.

तोहिरचा एक नियम होता. भरतकाम असेल तर मागच्या बाजूचा फोटो हवाच. पुढून कापड सजतं, पण गाठी आणि दोऱ्याची दिशा मागेच दिसते. हा फोटो जोडल्याशिवाय प्रश्न पुढे जातच नाही, अशी सोय त्यांनी साइटवर करून ठेवली आहे.

सोमवारी ताश्कंदच्या इल्होम नावाच्या दुकानदाराने एका सुझनीचे फोटो पाठवले. चार पट्ट्या, डाळिंबी फुलं. सोबत आठ वर्षांपूर्वीचा दाखला, तोहिरच्या सहीचा: बुखारा, साधारण १९००, चारही पट्ट्या एकाच काळाच्या, एकाच घरातल्या. खाली लिहिलं होतं, "अका, दाखला तुमचाच आहे. गिऱ्हाईक परदेशातलं, शुक्रवारी विमानाने जाणार. नुसतं 'हो' लिहा."

मी मागच्या बाजूचा फोटो मोठा करून पाहिला. तिसऱ्या पट्टीत दोरा बांधणारे टाके उलट्या बाजूला झुकले होते. बाकी तीन पट्ट्यांत उजवीकडे, हिच्यात डावीकडे.

आपल्या घरात डाव्या हाताने शिवणारी एकच होती. तिसरी पट्टी उंदरांनी कुरतडली होती आणि नवी नवरी असताना तू दोन हिवाळे बसून ती पुन्हा भरलीस. आई म्हणायची, "अगं, सुई या हातात धर. पाहुणे म्हणतील, हिला आरशात बघून शिकवलं." आणि तू म्हणायचीस, "पाहुणे काय चादर उलटी करून बघणार आहेत, आई?" आई हसून हसून खोकायला लागायची. तिच्या आजीची सुझनी ती. आपल्या जनाज्यावर तीच घालायची, हे तिने सगळ्यांना बजावून ठेवलं होतं.

पुढचं तुला मी काय सांगावं? आठ वर्षांपूर्वी अंगणात जनाजा तयार, आईची पेटी उघडली तर आत सुझनी नाही. चावी घराच्या सुनेच्या कमरेला. त्या दिवशी आईला शेजारणीच्या चादरीखाली नेलं, आणि विसाव्या दिवसाचा पुलाव होण्याआधी तू लोबारला घेऊन नुराताच्या बसमध्ये बसलीस.

मंगळवारपासून इल्होमचे तीन निरोप आले. "अका, भाव खाऊ नका." मग, "अका, तुमच्यावर विसंबून मी शब्द दिलाय." काल रात्री, "आता तुम्हीच तुमचा दाखला नाकारलात, तर तुमच्या बाकीच्या दाखल्यांना लोक चुलीत घालतील." तो धमकी देत नव्हता. खरंच तसं होईल. तोहिरच्या शब्दावर शेकडो लोकांनी वस्तू घेतल्या आहेत. त्यांची कबर अजून ओली आहे, मुनव्वर. मी तीनदा 'हो' लिहिलं आणि तीनदा खोडलं.

आज गुरुवार. दुपारची नमाज झाल्यावर मी माझ्या स्वतःच्या नावाने उत्तर टाकलं. दाखला खोटा आहे. तिसरी पट्टी वीस वर्षांपूर्वी माझ्या भावजयीने, मुनव्वरने भरली. ही सुझनी माझ्या आईच्या पेटीतून चोरीला गेली, आणि ती विकणारा माझा नवरा होता. तो आता या जगात नाही. पहिलं उत्तर कोबिलजानचं आलं. टोमणा नव्हता. "बाई, अल्ला त्यांना क्षमा करो. तुम्ही खात्रीने सांगता?" इल्होमने फक्त लिहिलं, "मला बुडवलंत." मग फोन वाजायला लागला. बोतिरचा नंबर. मी उचलला नाही, कारण त्याच्याआधी तुझ्याशी बोलायचं होतं.

साइटवर मी नवऱ्याची गोष्ट लिहिली. माझी लिहिली नाही, ती इथे लिहिते. आई गेली त्या वसंतात, कपड्यांना ऊन द्यायचं म्हणून चावी मी तुझ्याकडून मागून घेतली. तोहिर म्हणाले, सुझनीचा फोटो काढायचा आहे, चावी दे. मी दिली. मग चावी तुला परत केली. महिन्याभरात आमच्या घरात नवा कॅमेरा आणि संगणक आला. कुठून आला, मी विचारलं नाही, कारण उत्तर मला हवं नव्हतं. पेटी रिकामी निघाली तेव्हा सगळ्या बायकांच्या देखत तू माझ्याकडे वळून म्हणालीस, "आपा, तुम्ही नेली होती ना चावी? सांगा ना यांना." आणि मी म्हणाले, मला आठवत नाही. तू दुसऱ्यांदा विचारलं नाहीस. मला माफ कर, असं मी लिहिणार नाही. ते मागायचा माझा हक्क नाही. पण रविवारी त्या बायका चहाला बसतील आणि त्यांचा तो प्रश्न विचारतील, तेव्हा तू काही बोलू नकोस. हे पत्र त्यांच्यातल्या सगळ्यात मोठ्या बाईच्या हातात दे आणि मोठ्याने वाचायला सांग. नावं गाळू नकोस, माझंही नाही. लोबारला तिथेच बसव. त्यांना तरीही खात्री वाटली नाही, तर निरोप पाठव. मी नुराताला येईन आणि त्यांच्यासमोर उभी राहून हेच सांगेन.

तुझीच,
सओदत
तोहिरची बायको, बोतिरची थोरली बहीण